नाव कोणती बांधावी?



ऐन वैशाखात, वर्ध्यासारख्या गावी, नावेवर व्याख्यान ठेवायचे हे धाडस चालकांचे की माझे, याचा निकाल आपण शेवटी लावालच. काल एक स्नेही मला म्हणाले, "गुरुजी, आधी नदीला पाणी तर येऊ द्या, मग नावेचे बोला." मी त्यांना सांगितले, की नावेचा विचार करायला उन्हाळ्याइतका चांगला ऋतू नाही. पाणी आले म्हणजे माणसाला पलीकडे जायची घाई असते. विचार करायला सवड नसते. शिवाय उन्हाळ्यात नदी आपले पोट उघडे करून दाखवते. खडक कोठे आहे, डोह कोठे आहे, रेती कोठे साचली आहे, हे सारे आज वर्धा नदीच्या पात्रात उभे राहून डोळ्यांनी पाहता येते. आषाढात हेच सारे एका गढूळ चादरीखाली जाते आणि मग माणूस केवळ नशिबाच्या हवाल्यावर नाव हाकतो.

मी काही नौकाशास्त्राचा पंडित नव्हे. जन्मभर शाळेत मुलांना सुतारकाम शिकवले. ज्या वर्ध्यात १९३७ च्या ऑक्टोबरात शिक्षण परिषद भरली आणि हाताच्या उद्योगातून गणित, विज्ञान, भूगोल शिकवावा असा विचार देशापुढे मांडला गेला, त्याच वर्ध्यात माझी नोकरी झाली. रंधा मारता मारता भूमिती शिकवायची, ही माझी सारी विद्या. तेव्हा आज मी जे बोलणार आहे ते एका सुताराचे बोलणे आहे, असे समजून ऐकावे.

प्रसंग असा घडला. आर्वीकडच्या एका नदीकाठच्या गावची पाचसहा तरुण मंडळी एके दिवशी माझ्याकडे आली. गावाचे नाव मी सांगत नाही. त्यांनीच ते सांगू नये असे म्हटले आहे. धरणाच्या फुगवट्यामुळे त्यांच्या गावची काही शेते पाण्यापलीकडे पडली. पुलावरून जायचे तर मोठा वळसा. नावेने गेले तर काही मिनिटांचे काम. कापूस वेचायला बायकांना रोज पलीकडे जावे लागते. जुना डोंगा कुजला. तेव्हा वर्गणी काढून आपणच एक नाव बांधावी असे मंडळींनी ठरवले. लाकूड मिळेल, हात आहेत, उत्साह तर विचारूच नका. त्यांना माझ्याकडून फक्त नमुना हवा होता. किंबहुना नमुनाही त्यांनी पसंत करूनच आणला होता. एका तरुणाने खिशातून मोबाईल काढून चित्र दाखवले. निमुळती, लांब, टोकदार नाळेची, पांढऱ्या शिडाची एक देखणी होडी निळ्या समुद्रावर कललेली होती. "अशी पायजे जी," तो म्हणाला.

मला हसू आले नाही. कारण तीस वर्षांपूर्वी मीही हेच केले होते. एका पुस्तकातले चित्र पाहून, दोन उन्हाळ्यांच्या सुट्ट्या खर्चून, चांगल्या सागवानाची मी एक नाव बांधली होती. रुंदी अवघी दोन फूट. तिच्या अंगावरून हात फिरवावा आणि फिरवतच राहावा अशी सफाई. साऱ्या शाळेसमोर ती तलावात उतरली, मी तिच्यात पाय ठेवला, आणि दुसरा पाय ठेवायच्या आत ती आणि मी दोघेही उलटे झालो. पाणी कमरेइतके होते म्हणून आज आपल्यासमोर उभा आहे. मुले हसली, मीही हसलो, आणि ती नाव पुढे कित्येक वर्षे माझ्या माळ्यावर पडून राहिली. आमच्या घरी तिच्यात कांदे साठवीत.

हा विनोद झाला. पण पाण्यावरचा प्रत्येक विनोद कमरेइतक्या पाण्यात होत नाही. २०१९ च्या ऑगस्टात, महापुराच्या वेळी, सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळ येथे लोकांना वाचवण्यासाठी निघालेली नावच उलटली आणि सतरा माणसे गेली. १४ सप्टेंबर २०२१ रोजी आपल्याच वर्धा नदीत, वरूड तालुक्यात झुंज येथे, एका नावेतली अकरा माणसे बुडाली. ती एकाच गोतावळ्यातली होती. २०२४ च्या जानेवारीत वैनगंगेत, गडचिरोली जिल्ह्यातल्या गणपूरच्या सहा बाया मिरची तोडायला जाताना बुडाल्या. त्याच वर्षीच्या मे महिन्यात उजनीच्या जलाशयात वादळी वाऱ्याने नाव उलटून सहा जण गेले. पाहा, चारही पाणी निराळी आहेत. एक पूर, एक नदीची धार, एक मजुरीची वाट, एक धरणाचा विस्तार. या अपघातांचा न्यायनिवाडा करायला मी बसलेलो नाही. पण इतके मनात धरून त्या तरुणांना मी म्हणालो, की चित्र खिशात ठेवा आणि आपण आधी नदीवर जाऊ.

नदीवर गेलो तेव्हा त्या गावचे एक वृद्ध नावाडी भेटले. ढिवर समाजातले. साऱ्या गावाने त्यांना बाबाजी म्हणावे असे त्यांचे वय. पोरांचा बेत त्यांनी शांतपणे ऐकून घेतला आणि एकच वाक्य बोलले, "आधी पाण्याले पुसा, मंग लाकडाले हात लावा." आज मी जे काही सांगणार आहे ते या एका वाक्यावरचे भाष्य आहे.

पाण्याला न पुसता बेत केला म्हणजे काय होते, याचा एक मोठा दाखला आपल्या जिल्ह्याच्या इतिहासातच आहे. गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात, म्हणजे १८५० ते १८७० या काळात, सर आर्थर कॉटन या इंग्रज इंजिनिअरच्या प्रेरणेने एक प्रचंड योजना निघाली. गोदावरी, प्राणहिता आणि वर्धा या नद्यांतून जलमार्ग करायचा आणि हिंगणघाटचा व वऱ्हाडचा कापूस नावांनी थेट पूर्वसमुद्राला न्यायचा! कॉटन हा लहान माणूस नव्हता. गोदावरीच्या मुखाशी धवळेश्वरमचा बंधारा बांधून त्याने तो सारा प्रदेश सुपीक केला होता. परंतु वरच्या अंगाला नदीचा स्वभाव निराळा. वाटेत खडकांचे तीन मोठे अडथळे, आणि पाणी म्हणाल तर पावसाळ्याचे काही महिने. कमी पाण्यात चालणाऱ्या आगबोटी आणल्या, खडकांना वळसा घालायला कालवे खणायला घेतले, पैसा ओतला. इकडे १८६७ साली आगगाडी नागपूरला पोचली. कापसाला बारमाही वाट मिळाली आणि १८७१ मध्ये ते काम बंद पडले. जी गोष्ट एवढ्या मोठ्या इंजिनिअरच्या बाबतीत घडली ती माझ्या दोन फुटी नावेच्या बाबतीत घडली यात नवल ते काय? नाव चांगली होती. ती त्या पाण्याची नव्हती.

तेव्हा पहिला प्रश्न पाण्याचा. आपल्या जिल्ह्यात पाणी मुख्यतः तीन प्रकारचे आहे. एक वर्धा नदीची वाहती धार. पावसाळ्यात तिला ओढ फार आणि तळाशी खडक. दुसरे धाम, बोर, वेणा या लहान नद्यांचे आणि डोहांचे उथळ पाणी. तिसरे धरणांचे: बोरधरण, धामवरचे महाकाळी, धनोडीचे निम्न वर्धा. धरणाचे पाणी सकाळी आरशासारखे दिसते म्हणून माणूस फसतो. नदीच्या अरुंद पात्रात वाऱ्याला लाट उठवायला जागा नसते. जलाशयावर मात्र वारा जितका दूरवरून पाण्यावरून येईल तितकी लाट वाढते. वैशाखातली दुपारची वावटळ आपण सगळे ओळखतो. ती अंगणात धूळ उडवते. तीच जलाशयावर नाव उलटवते. त्या गावचे पाणी या तिसऱ्या जातीचे होते, पण काठाला उथळ आणि खडकाळ. म्हणजे नाव अशी हवी की वीतभर पाण्यात काठाला लागेल आणि मध्यावर अकस्मात वारा सुटला तर हातभर लाट अंगावर घेईल.

दुसरा प्रश्न ओझ्याचा. "किती माणसं बसवाची हायेत?" असे मी विचारले, तर उत्तर आले, "जितकी येतीन तितकी." हे उत्तर एस.टी.च्या गाडीला चालते, नावेला चालत नाही. मग बसून हिशेब केला. वेचायला जाणाऱ्या बाया सहा, नावाडी एक, आणि परतताना प्रत्येकीचे कापसाचे गाठोडे. एवढे ओझे नक्की धरले.

तिसरा प्रश्न हातांचा. बांधणार कोण, आणि त्याहून महत्त्वाचे, फुटली तर जोडणार कोण?

या तीन प्रश्नांच्या चाळणीतून आम्ही एकेक घाट गाळायला सुरुवात केली. पहिला अर्थात डोंगा. एकाच खोडातून कोरलेला, सांधा नाही, गळती नाही, खडकावर आपटला तरी हूं की चूं करीत नाही. शेकडो वर्षांची परीक्षा उतरलेली वस्तू. पण तेवढ्या घेराचे झाड आज कोणी तोडू देणार नाही, आणि तोडूही नये. शिवाय डोंग्याची रुंदी झाडाने ठरवलेली असते, माणसाने नव्हे. म्हणून तो बहुधा अरुंद आणि डळमळता. आपल्या पूर्वजांना हे कळत नव्हते असे नाही. दोन डोंगे शेजारी बांधून वर फळ्या टाकायच्या, ही युक्ती त्यांनीच काढली. कोकणात होडीच्या बाजूला आडव्या दांड्यांवर एक लाकूड बांधून पाण्यावर टेकवतात, त्याला उलांडी म्हणतात. तीही त्याच विचाराची. अरुंद नावेला आधारासाठी हात फुटले म्हणा ना!

दुसरा घाट वाटोळा. कृष्णाकाठी गूळ करायची काहील पुराच्या वेळी नाव होते, तुंगभद्रेवर वेताची मढवलेली टोपली चालते. उथळ पाण्याला उत्तम, पण वाऱ्यात ती भिंगरीसारखी फिरते आणि सरळ नेणे हे मुरलेल्या हाताचेच काम. तिसरा पिंपांचा तराफा. स्वस्त, बुडायला कठीण, पण वल्ह्याने हलवायला जणू रेडा. वारा सुटला तर तो तुम्हाला नेईल, तुम्ही त्याला नेणार नाही. चौथी ती चित्रातली शिडाची होडी. तिला खोल पाणी हवे, तळाशी वजन हवे, समुद्र हवा, आणि शीड सांभाळणारा हात हवा. यांतले आमच्याकडे काहीच नव्हते. पाचवा घाट सपाट तळाच्या, फळ्यांच्या नावेचा: तळ सपाट, बाजू किंचित बाहेर झुकलेल्या, नाळेकडे तळ जरा वर उचललेला. दिसायला ती गव्हाणीसारखी दिसते, हे मी कबूल करतो. तरुणांची तोंडे उतरली. पण वीतभर पाण्यात ती तरंगते, काठाला सरळ टेकते, बायांना साडी न भिजवता उतरता येते, आणि जो दाराची चौकट बसवू शकतो तो ती बांधू शकतो.

आता आपण गणिताकडे वळू. भिऊ नका, चौथीच्या पुढे जाणार नाही. तळाची लांबी चार मीटर धरली, रुंदी एक मीटर दहा सेंटिमीटर. दोन्ही टोके निमुळती, म्हणून पुऱ्या चौकोनाच्या सत्तर टक्के जागा धरली. तीन चौरस मीटरांहून जरा जास्त झाली. अशी नाव एक सेंटिमीटर खाली गेली की सुमारे तीस लिटर पाणी बाजूला सारते, म्हणजे तीस किलो ओझे उचलते. हा आर्किमिडीजचा नियम. सारे नौकाशास्त्र या खुंटीला टांगलेले आहे. नावेचे स्वतःचे वजन नव्वद किलो, सात माणसांचे तीनशे नव्वद, कापसाचे एकशे वीस. एकूण सहाशे. भागिले तीस: वीस सेंटिमीटर. बाजूंची उंची पन्नास. म्हणजे पाण्याच्या वर काठ उरला तीस सेंटिमीटर. एक वीत आणि वर चार बोटे.

एवढा हिशेब फळ्यावर झाला आणि मागे बसलेला एक चलाख पोरगा उठला. "गुरुजी, मंग आणखी चार बाया बसल्या तं काय होते? सातच सेंटिमीटर तं खाली जाते. तेवीस उरतेच ना जी!"

मंडळी, त्याचे गणित अगदी बरोबर होते. आणि माणसे बुडतात ती याच बरोबर गणिताने. कारण त्याने नाव तरंगेल का एवढेच विचारले; ती उभी राहील का हे विचारले नाही. तरंगणे निराळे, सरळ राहणे निराळे. स्वयंपाकघरात चला म्हणजे हे कळेल. पाण्याच्या टाक्यात परात सोडा आणि उंच लोटा सोडा. परातीत डाळ ओता, ती निमूट खाली बसेल, कलणार नाही. रिकामा लोटा उभा ठेवून पाहा, तो आडवा होईल. दोन्ही तरंगतात, सरळ राहते ती परात. कलली की नावेची जी बाजू खाली जाते तिच्याखालचे पाणी तिला वर रेटते. नाव जितकी रुंद तितका हा रेटा मध्यापासून दूर लागतो आणि जोरकस होतो. हा जोर रुंदीबरोबर नुसता वाढत नाही. रुंदी दुप्पट केली तर आकारामुळे मिळणारा हा विरोध आठपट होतो. ऐंशी सेंटिमीटरची नाव एक मीटर दहा केली तर तो अडीच पटींहून अधिक होतो. सुताराला जास्त लागते ती वीतभर फळी. साऱ्या आराखड्यात एवढी स्वस्त सुरक्षितता दुसरी नाही.

याच्या उलट आपले ओझे जितके उंच तितके ते नावेला उलटवू पाहते. म्हणून बसलेली सात माणसे आणि उभी असलेली सात माणसे ही नावेच्या दृष्टीने एकच गोष्ट नव्हे. चार जणी जास्त आल्या की बसायला जागा उरत नाही. त्या उभ्या राहतात. काठ खाली गेलेला, ओझे वर गेलेले. कोणाचा पदर वाऱ्याने उडाला, कोणी घाबरून एका बाजूला सरकले, की कललेल्या नावेचा काठ पाण्याखाली जातो. आणि एकदा काठावरून पाणी आत शिरले की ते सांडत नाही, खालच्याच बाजूला धावते आणि तिला आणखी खाली ओढते. पुढचे सारे काही क्षणांत होते. तो चलाख पोरगा खाली बसला. थोड्या वेळाने त्याने वहीत "११" हा आकडा खोडून "७" लिहिला, ते मी पाहिले.

आता कोणी म्हणेल, एवढा हिशेब करता तर नवीन घाट स्वतःच का काढत नाही? माझे उत्तर असे, की पहिल्या नावेसाठी कधीही नवा घाट काढू नये. पाण्याने तपासलेला घ्यावा. यात कमीपणा नाही. गोव्यात रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात नौदलासाठी 'म्हादेई' ही शिडाची नौका बांधली गेली आणि २००९ मध्ये ती पाण्यात उतरली. कमांडर दिलीप दोंदे याच नौकेतून २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. असे करणारे ते पहिले भारतीय. त्या नौकेचा आराखडा हॉलंडमधल्या व्हान डी स्टाट या नामांकित आरेखकांकडचा, आधीच सिद्ध झालेला होता. आराखडा घेतला म्हणून बांधणाऱ्यांचे किंवा हाकणाऱ्याचे कर्तृत्व कमी झाले काय? उलट ज्यांना आराखडा मिळणेच शक्य नव्हते त्यांनी काय केले तेही पाहा. अजिंठ्याच्या लेण्यातील चित्रावरून, काथ्याच्या दोरीने फळ्या शिवून, 'कौंडिण्य' हे जहाज गोव्यात बांधले गेले आणि २०२५ च्या मे महिन्यात कारवारला नौदलात दाखल झाले. त्याचा कागद कोठेच नव्हता, तेव्हा घाटाचा नमुना करून तो मद्रासच्या आय.आय.टी.त पाण्यावर तपासला गेला. म्हणजे नियम एकच: एक तर तपासलेला घ्या, नाही तर घेतलेला तपासा.

शिवण्याचा विषय निघाला म्हणून सांगतो. लाकडाच्या फळ्या शिवून नाव करणे ही आपल्या किनाऱ्याची जुनी रीत. १९६३ मध्ये इंग्लंडात 'डेली मिरर' या वृत्तपत्राच्या पुढाकाराने 'मिरर' नावाची एक छोटी होडी निघाली. प्लायवुडचे तुकडे कापायचे, कडांना भोके पाडून तांब्याच्या तारेने टाके घालायचे, आणि सांध्यावर काचतंतूची पट्टी चिकटद्रव्याने बसवायची. कधी रंधा न धरलेल्या माणसांनी घरच्या कोठीत ती बांधली. सत्तर हजारांहून अधिक झाल्या. आम्ही तो घाट घेतला नाही, कारण तो शिडाचा. पण रीत घेतली. पाण्यात टिकणारे प्लायवुड घ्यायचे तर त्यावर भारतीय मानक ७१० चा शिक्का पाहून घ्यावा. कपाटाचे प्लायवुड नावेला लावणे म्हणजे कागदाची छत्री घेऊन श्रावणात निघणे.

बाबाजींना मात्र हे पटेना. "फुटली तं कोन जोडीन?" त्यांनी मघाचा माझाच प्रश्न मला केला. फळ्यांची नाव फुटली तर फटीत कापसाची वात ठोकायची, वर राळ भरायची, हे त्यांना ठाऊक. कपाशीच्या जिल्ह्यात कापूस कमी पडायचा नाही. पण हे नवे चिकटद्रव्य त्यांना कसे यावे? त्यांचे म्हणणे रास्त होते. तेव्हा नाव सुरू करण्याआधी एका टाकाऊ तुकड्याला मुद्दाम भोक पाडले आणि गावच्या चार पोरांकडून ते बुजवून घेतले. दोनदा गळले, तिसऱ्यांदा टिकले. मगच प्लायवुड ठरले. तळाला खडकावर झिजायला सागाच्या तीन पट्ट्या लावल्या. त्या झिजल्या की बदलायच्या. त्याच पट्ट्यांमुळे वाऱ्यात नाव आडवी सरकायचीही जरा कमी झाली. आणि दोन्ही टोकांना हवाबंद कप्पे केले, मिळून शंभर लिटरचे. नाव पाण्याने काठोकाठ भरली तरी ती तळाशी जाणार नाही. माणसे तिला धरून राहू शकतील. हे कप्पे कोणी सामान ठेवायला उघडू नयेत म्हणून त्यांना झाकणच ठेवले नाही.

नाव गेल्या वर्षी पोळ्यानंतर पाण्यात उतरली. पाटबंधारे खात्याला आधी रीतसर कळवले होते. पहिल्या दिवशी तिच्यात माणूस बसवला नाही. रेतीची पोती बसवली. सहाशे किलो होईपर्यंत पोती टाकली, पाणी कोठवर येते ते पाहिले, आणि तेथे बाहेरून चारी बाजूंनी तांबडी रेघ ओढली. ही कल्पना माझी नव्हे. इंग्लंडात सॅम्युअल प्लिम्सॉल नावाचा पार्लमेंटचा सभासद होता. वाजवीपेक्षा जास्त माल भरून गलबते पाठवायची आणि खलाशी बुडाले तर विम्याचे पैसे घ्यायचे, या व्यापाराविरुद्ध तो वर्षानुवर्षे झगडला. त्याच्या झगड्यामुळे १८७६ मध्ये गलबतांवर भाररेषा काढणे कायद्याने बंधनकारक झाले. आज जगातल्या मालवाहू जहाजाच्या कुशीवर ती खूण असते. अशी एक रेघ! लोखंड नाही, यंत्र नाही, डबाभर रंग. पण तिने किती आयांची लेकरे घरी आणली याचा हिशेब कोणी करावा?

त्या रेघेची परीक्षा आमच्याकडे वेचणीच्या दिवसांत झाली. एका सकाळी सहा बाया बसल्या आणि काठावर दोघी उरल्या. शेताचे धनी तेथेच उभे होते. ते म्हणाले, दोघींसाठी दुसरी खेप कशाला, वेळ जातो, बसवा. वल्ह्यावर तोच चलाख पोरगा होता, ज्याने "११" खोडले होते. तो काही बोलला नाही. त्याने वल्हे पाण्यात घातले नाही, एवढेच. धनी रागावले. मग नावेत बसलेली एक म्हातारी खाली वाकली, तांबड्या रेघेवर बोट ठेवले आणि म्हणाली, "मालक, पाणी रेघीले टेकलं हाय. दुसऱ्या खेपेचा येळ माह्या मजुरीतून कापजा." दोन खेपा झाल्या. मजुरी कापली नाही, हे धन्यांच्या मोठेपणाचे आहे.

तर बंधुभगिनींनो, नाव कोणती बांधावी, या प्रश्नाचे माझे उत्तर हे असे आहे. जी पाण्याला पुसून, ओझे मोजून, जोडणारे हात पाहून ठरवली, ती. चित्र पाहून ठरवू नये. आपल्यापैकी फार थोडे जण नाव बांधतील, हे मला ठाऊक आहे. पण नावेत बसणार नाही असा कोण आहे? कोणी तीर्थाला जाईल, कोणी धरणावर सहलीला, कोणी पाहुण्यांच्या गावी. तेव्हा एवढेच करा. पाय ठेवण्याआधी तिच्या कुशीवर रेघ आहे का पाहा. नसेल तर नावाड्याला विचारा, "किती जणांची आहे?" आणि तो म्हणाला की "जितकी येतीन तितकी," तर पुढच्या खेपेपर्यंत काठावरच्या झाडाखाली बसा. सावली चांगली असते.